दादाच्या गाडीचे नवे दिवे

दादाच्या गाडीचे दिवे धाकट्याने तीन वेळा सुधारले. पहिल्या वेळी दिव्यांत खरोखरच खोट होती, दुसऱ्या वेळी म्हटली तर होती, आणि तिसऱ्या वेळी तसूभरही नव्हती. हे त्याला तेव्हाच कळलं होतं. कळूनही त्याने जे केलं त्याची ही गोष्ट आहे, आणि ती काही चारचौघांत मिरवण्यासारखी नाही.

धाकटा म्हणजे वयाने धाकटा नव्हे. पन्नाशी उलटलेली, कानांवरचे केस पिकलेले, लेक सासरी गेलेली. पण दादाने जन्मभर "हा माझा धाकटा" अशीच ओळख करून दिली आणि ती चिकटली ती चिकटलीच. गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं त्याचं दुकान होतं, तिथेही गिऱ्हाइकं "धाकटे आहेत का?" असंच विचारत. कामात मात्र तो भल्याभल्यांना भारी होता. शर्टाच्या खिशात कायम मीटर. डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं, तरी मीटरवरचा आकडा बघितल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसायचा नाही. "बॅटरी गेली" म्हणत कुणी आलं, की हा म्हणणार, "गेली म्हणजे कुठे गेली? बघू तरी आधी." त्याची बायको म्हणायची, "चहा गार झालाय हेसुद्धा हे मीटर लावून ठरवतील."

दादा त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. दादाने पुढचं शिक्षण गुंडाळून ठेवलं आणि बसचं स्टिअरिंग धरलं, ते पस्तीस वर्षं सोडलं नाही. पस्तीस वर्षांत एक अपघात नाही. हे तो कुणी न विचारता सांगायचा, आणि जोडीला हेही, की नोकरीत दरवर्षी डोळे तपासायचे आणि दरवर्षी डॉक्टर पाठ थोपटायचे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. तपासणारे डॉक्टर नोकरीबरोबर गेले, पाठ थोपटलेली तेवढी दादाच्या लक्षात राहिली. वाचायला चष्मा लागायचा, पण लांबच्या पाट्या तो अजूनही सगळ्यांच्या आधी वाचायचा.

धाकट्याच्या धंद्याबद्दल मात्र दादाचं मत फारसं बरं नव्हतं. "काय करतो भाऊ?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "तारा जोडतो." एवढंच. त्यात वाईट हेतू नव्हता. पण धाकट्याला ते लागायचं, पन्नाशीतही लागायचं.

दादाची गाडी बावीस वर्षांची. पहिल्यांदा ती घेऊन आला तेव्हा म्हणाला, "दिवे म्हातारे झालेत रे, माझ्याआधी." आणि झालेच होते. वरची प्लॅस्टिकची काच पिवळी पडून धुरकट झालेली. धाकट्याने पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर घेऊन ती तासभर घासली, आरशासारखी केली. दादा खूश होऊन गेला.

महिनाभराने परत आला. "अजून नाही रे मजा." धाकट्याने मीटर लावला. बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट, दिव्यापाशी पोचेपर्यंत अकरा. जुन्या बारीक तारा, सगळा करंट बटणातून फिरून येणार, मधल्या मध्ये गळती. त्याने जाड तारा ओढल्या, रिले बसवला, दिव्याला थेट बॅटरीवरून पुरवठा दिला. आकडा तेरा पॉइंट चारवर गेला. दादा म्हणाला, "हं, फरक आहे." पण तो "हं" जरा आखूडच होता.

तिसऱ्या खेपेला दादा गाडीतून उतरला तो गप्प होता. चहा सांगितला, तो प्यायला. मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "मधलं लख्ख दिसतं. पण कडा अंधारात जातात. डावीकडची जास्त."

धाकट्याने मीटर लावला. तेरा पॉइंट चार. दिव्याच्या आतला आरसा स्वच्छ, बल्ब बरोबर बसलेला, काच चकचकीत. आकडा सांगत होता की इथे काही बिघाड नाही. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर धाकट्याने तिथेच हात वर केले असते. पण दादा होता. त्याने नवे दिवे मागवले, अख्खेच्या अख्खे, आरशासकट. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत.

दिवे बसवले त्या दिवशी भर दुपारी त्याने दुकानाचं शटर खाली ओढून अंधार केला. गाडी भिंतीपासून पंधरा फुटांवर उभी केली. त्यापेक्षा लांब दुकानच नव्हतं. दिव्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली, दोन दिव्यांच्या मधोमध उभी रेघ मारली. एरवी हे काम तो एकटाच करायचा. त्या दिवशी म्हणाला, "दादा, तू स्टिअरिंगवर बस. तुझं वजन असलं की गाडी नेहमीसारखी बसते. आणि नेहमी बघतोस तसं समोर बघ."

दादा बसला. ड्रायव्हरने बसावं तसा, पाठ ताठ, नजर समोर.

"मी मधून डावीकडे चालत जातो," धाकटा म्हणाला. "उजेड संपला की सांग. तिथे खूण करतो."

तो भिंतीला लागून चालू लागला. एक पाऊल, दोन पावलं. भिंत पांढरी झगझगत होती.

"थांब," दादा म्हणाला. "संपला. आता तू अंधारात गेलास."

धाकट्याने स्वतःकडे बघितलं. त्याचा शर्ट उजेडात होता. हातातला खडू उजेडात होता. बोटांवरचं ग्रीस, नखांतला मळ, सगळं लख्ख दिसत होतं, आणि उजेड त्याच्या पुढे अजून चांगला हातभर भिंतीवर पसरलेला होता. त्याची सावली मागे भिंतीवर उभी होती. अंधारातल्या माणसाला सावली नसते, हे सांगायला मीटर लागत नाही.

त्याने खडूने रेघ मारली. उजवीकडेही तसंच करून बघितलं. तिकडे फरक कमी होता, पण होता.

आता इथे धाकट्याला चार शब्द बोलायचे होते. "दादा, डोळे दाखवून ये." बस. पण माणूस चार शब्दांना किती वाटा फोडतो! आधी वाटलं, दमला असेल. मग वाटलं, शटर बंद आहे, डोळ्यांना सवय झाली नसेल. मग वाटलं, पस्तीस वर्षं एक अपघात नाही, त्या माणसाला डोळ्यांबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थप्पड मारायची. तीही मी, ज्याच्या शाळेच्या बुटांसाठी यानं दोन-दोन पाळ्या केल्या. तोंडात मिठाची गुळणी धरून तो गाडीपाशी आला, बॉनेट उचललं, आणि दिव्यांचे स्क्रू फिरवू लागला.

त्याने दोन्ही दिवे आत ओढले. दादाने सांगितलेल्या रेघांपर्यंत उजेड आत आणला. कडेचा सगळा उजेड मध्ये गोळा केला. या धंद्यात असं कुणी करत नाही. शिकाऊ माणसानेही केलं नसतं. दिवे रस्त्यासाठी असतात, डोळ्यांच्या मापाने शिवायचे नसतात.

"आता?" त्याने विचारलं.

"आता कसं!" दादाचा आवाज एकदम मोकळा झाला. "आता अगदी कडेपर्यंत आहे बघ. वा रे धाकट्या!"

धाकट्याने फडकं घेऊन भिंतीवरच्या रेघा पुसल्या. दादा दार उघडून उतरला, क्षणभर तिथेच उभा राहिला, मग म्हणाला, "चल, शटर उघड. उकडतंय."

त्यानंतर जे झालं ते धाकट्याला आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. दादा त्याचं कौतुक करत सुटला. लग्नात, दुकानात, बसच्या जुन्या सोबत्यांत. "दिवे बघा माझ्या गाडीचे. नव्या गाडीला नाहीत असे. माझ्या भावाने केलेत. विजेच्या कामात त्याचा हात धरणारा नाही कुणी." तारा जोडणारा एका दिवसात विजेच्या कामातला वाघ झाला. आणि धाकट्याला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं. पन्नास वर्षं वाट बघितलेलं कौतुक ते. दिव्यांत नव्हे, डोळ्यांत दोष आहे असं सांगायचं म्हणजे ते सगळं आपल्या हाताने पुसून टाकायचं. भिंतीवरची रेघ पुसणं त्यापेक्षा सोपं होतं.

दादा भेटला की तो मनात म्हणायचा, आज सांगू. मग वहिनी खायला आणायच्या, दादा कुठला तरी जुना किस्सा काढायचा, आणि आजचं उद्यावर जायचं. एकदा दादाने समोरचा पाण्याचा पेला डाव्या कोपराने पाडला. वहिनी हसत म्हणाल्या, "हल्ली यांचा हात लागतो सगळ्याला." धाकटाही हसला. असे नऊ महिने गेले.

मग एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, दिवे लावायची वेळही झालेली नसताना, दादाने डावीकडे वळताना सायकलवरून घरी चाललेल्या एका शिक्षिकेला पाडलं. गाडीचा वेग नव्हता म्हणून जिवावर बेतलं नाही. बाईंचं मनगट मोडलं. लोक जमले, कुणी पाणी दिलं, कुणी बाईंना दवाखान्यात नेलं. धाकटा पोचला तेव्हा दादा फूटपाथच्या कडेवर बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण त्या आल्या कुठून? मी बघितलं होतं रे. कुणी नव्हतं." त्याच्या चपलांतली एक रस्त्यात पडली होती. धाकट्याने ती आणून त्याच्या पायात घातली. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिघं: दादा, वहिनी आणि धाकटा. तिथे एक यंत्र होतं, आतून पांढरं, मोठ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवून समोर बघायचं, बारीक ठिपके इकडेतिकडे उजळतात, दिसला ठिपका की हातातलं बटण दाबायचं. धाकटा पडद्याबाहेर बाकावर बसला होता. बटणाचा आवाज त्याला ऐकू येत होता. टक. टक. टक. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. यंत्र आत आपलं काम करत होतं, हे त्याला त्याच्या बारीक घरघरीवरून कळत होतं. ठिपके उजळत होते आणि आवाज येत नव्हता. त्या बाकावर बसून त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका यंत्राला मनात म्हटलं, तू खोटं बोल.

कागद आला. मध्ये पांढरं, भोवती काळं. डाव्या डोळ्याचं काळं जास्त.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा तसा नाही. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात जातो. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस फसतो. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते रोज थेंब घालून सांभाळायचं."

"आधी आलो असतो तर?" वहिनींनी विचारलं.

"आठ-दहा महिने आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. डाव्याचं तर नक्कीच." त्यांनी मान वर केली. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या.

धाकटा भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला. तो त्याला शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होता.

"गाडी तूर्त बंद," बाई म्हणाल्या. "महिन्याभराने परत तपासू, मग बोलू."

बाहेर आल्यावर दादा औषधं घ्यायला खिडकीपाशी उभा राहिला, तेव्हा वहिनी धाकट्याच्या जवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "भाऊजी, तुम्ही ते दिवे करून दिलेत म्हणून इतके दिवस तरी निभावलं हो. नाहीतर काय झालं असतं देव जाणे. तुमचे उपकार आहेत."

धाकट्याला वाटलं, यापेक्षा यांनी माझ्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तो "छे, वहिनी" असं काहीतरी पुटपुटला. बोलायची ती वेळ होती. तीही त्याने घालवली.

पुढचे काही दिवस त्याने दुकानात दिव्यांचं काम घेतलं नाही. कुणी विचारलं तर "सध्या जमत नाही" म्हणून वाटेला लावायचा. ज्या भिंतीवर उजेड पाडायचा तिच्यासमोर त्याने जुन्या बॅटऱ्या रचल्या, पार खांद्यापर्यंत. बायकोने डबा आणून दिला तेव्हा बघितलं आणि म्हणाली, "हे काय? बांध घालताय का पाण्याला?" तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझे डोळे चांगले आहेत."

रविवारी सकाळी तो दादाकडे गेला. दादा गाडीत बसला होता. गाडी दारातच, तोंड कुंपणाच्या भिंतीकडे, इंजिन चालू. बॅटरी उतरू नये म्हणून रोज दहा मिनिटं असं चालू ठेवतो, वहिनी म्हणाल्या. पण स्टिअरिंगवर दोन्ही हात होते, आणि त्याचं बॅटरीला काही काम नव्हतं. धाकटा शेजारच्या सीटवर बसला. ती बाजू दादाची डावी. त्याच्याकडे बघायला दादाला अख्खी मान वळवावी लागली.

"आलास?"

"दादा, मला एक सांगायचंय."

"सांग."

"मला माहीत होतं." त्याने परत सुरुवात केली. "त्या दिवशी दुकानात. तू थांब म्हणालास तेव्हा मी उजेडात उभा होतो. माझ्यापुढे हातभर उजेड होता. मला कळलं होतं, दादा. दिव्यांत काही नव्हतं. मी दिवे आत ओढले, तुला बरं वाटावं म्हणून. म्हणजे, मलाच बरं वाटावं म्हणून. तू माझं कौतुक करत होतास. मला ते सोडवेना. तुझे डोळे माझ्यामुळे गेले."

दादाने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"मीही बघितलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"रेघ मारून तू गाडीकडे यायला निघालास तेव्हा मी मान वळवली. तुझी खडूची रेघ दिसली, आणि तिच्या पलीकडे उजेड दिसला. मनात चर्र झालं. मग तू दिवे आत ओढलेस, आणि परत तुझ्याकडे बघितलं तर तू फडक्याने रेघ पुसत होतास." त्याने किल्ली काढली आणि मांडीवर ठेवली. "अरे, तीन-तीनदा कशाला आलो होतो मी तुझ्याकडे? दिवे काय, कुठेही झाले असते. मला भीती वाटत होती. डॉक्टरकडे जायचा धीर नव्हता, तुझ्या वहिनीला सांगायचा नव्हता. म्हटलं, धाकटा मोजेल. मोजल्याशिवाय तो बोलत नाही, आणि मोजलं की लपवत नाही. तू मोजलंस आणि गप्प बसलास. मला वाटलं, म्हणजे काही नाही. घरी येऊन निवांत झोपलो त्या दिवशी."

धाकट्याला रडू आलं. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं नाही, कारण फिरवायची गरजच नव्हती, दादा समोर बघत होता. ते लक्षात आल्यावर त्याला आणखीच रडू आलं. दादा एवढा ओरडायचा लहानपणी, साध्या पेन्सिलीवरून ओरडायचा. आज ओरडला असता तर त्याने हात जोडले असते.

"त्या बाईंचं मनगट?" थोड्या वेळाने दादाने विचारलं.

"काल जाऊन आलो. सहा आठवडे प्लॅस्टर."

"मला ने तिकडे एकदा."

"नेतो."

वहिनींनी खिडकीतून आवाज दिला, चहा झालाय म्हणून. दोघांपैकी कुणी उठलं नाही. दादा किल्ली हातात घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या महिन्याभराने बोलू. थेंब चालू आहेत, मी वेळेवर घालतोय. दिवसा, हळू, फक्त इथल्या इथे. देतील का रे गाडी चालवायला?"

आणि त्याने मान पूर्ण डावीकडे वळवून धाकट्याकडे बघितलं.

धाकट्याच्या तोंडावर आलं होतं, बघू, देतील, काय सांगता येतं. असे शब्द त्याच्याकडे ढीगभर होते. ते त्याने गिळले.

"नाही, दादा. पुढच्या महिन्यात नाही आणि नंतरही नाही. तू आता गाडी चालवायची नाहीस."

दादाने किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली. "तेव्हाही एवढाच वेळ लागला असता, धाकट्या," तो म्हणाला.